नॉर्मल डोक्याचा नकार

लोक मला सिस्टर म्हणायचे, पण मी नर्स नव्हे. आयुष्यात कुणाला सुई टोचली नाही की सलाईन लावलं नाही. माझं काम डोक्याला तारा लावायचं. आधी काही वर्षं लातूरला आणि पुढं निवृत्तीपर्यंत नांदेडला, मेंदूच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात मी ईईजी काढत होते. फिट येणारी माणसं, विसरणारी माणसं, झोपेत चालणारी माणसं आणि ज्यांना काहीच झालेलं नाही पण घरच्यांना तसं वाटतं अशी माणसं, सगळ्यांची डोकी माझ्या हाताखालून गेली. डोक्याचा आकार, केसांची दाटी, कोंडा आणि उवा यांची माझ्याइतकी माहिती न्हाव्यालाही नसेल. डोक्याच्या आत काय असतं याविषयी मात्र मी जपून बोलते. ते का, हे सांगायलाच लिहायला बसले आहे.

आधी ईईजी म्हणजे काय ते सांगून टाकते. मेंदूत सतत अगदी बारीक वीज खेळत असते. डोक्याच्या कातडीवर ठरावीक जागी पेस्ट लावून बारक्या वाट्या चिकटवायच्या, त्यांच्या तारा मशीनला जोडायच्या, की ती वीज पडद्यावर लाटांसारखी उमटते. मी कामाला लागले तेव्हा पडदा नव्हता. शाईची पेनं लांबच लांब कागदावर रेघा ओढायची आणि संध्याकाळी मी निळ्या बोटांनी घरी जायची. आम्ही करंट देत नाही, आहे तो नुसता बघतो. हे वाक्य मी दिवसातून इतक्यांदा म्हणायचे की माझ्या नवऱ्यालाही ते पाठ झालं होतं. तरी निम्मी माणसं पलंगावर आडवी होताना विचारायचीच, "शॉक किती बसंल?" वाट्यांच्या जागा टेपनं मोजून लाल पेन्सिलीनं खुणा कराव्या लागतात. रेणापूरकडच्या एका म्हाताऱ्यानं ते बराच वेळ सोसलं आणि मग विचारलं, "बाई, टोपी शिवायलीस का काय?"

आमचा खरा शत्रू म्हणजे खोबरेल तेल. तेलकट डोक्यावर वाटी टिकत नाही. म्हणून आदल्या दिवशीच सांगायचं, डोकं धुऊन या, तेल लावू नका. माणसं डोकं धुवायची आणि निघताना हमखास चापून तेल लावायची. त्यांचंही चुकत नव्हतं. आमच्याकडं बिनतेलाच्या डोक्यानं गावाला निघालं की वेशीवर चार जण विचारतात, घरात कोण गेलं म्हणून. शेवटी मी खोलीत शांपूच्या पुड्यांची माळच टांगून ठेवली.

कधीकधी पेशंटला रात्रभर जागवून आणायला सांगतात, म्हणजे मशीनवर लगेच झोप लागते आणि झोपेतला आजार सापडतो. जळकोटकडच्या एका कुटुंबानं हे फार मनावर घेतलं. पेशंटला डुलकी लागू नये म्हणून त्यांनी घरी भजनी मंडळ बोलावलं. सकाळी जीपभर माणसं आली. मंडळ बाकड्यांवर, जिन्यात, जागा मिळेल तिथं घोरत पडलं आणि पेशंट मात्र टक्क जागा होता. भजनात तो पेटी वाजवायचा, म्हणे. त्याला परत बोलवावं लागलं, आणि या खेपेला एकट्याला.

धर्माबादचे एक मिरचीचे व्यापारी होते. तारा लावून झाल्या तेव्हा ते हळूच म्हणाले, मंडळींना बाहेर बसवा. मला वाटलं लाजत असतील. तसं नव्हतं. डोक्यात चाललेलं सगळं पडद्यावर उमटतं आणि बायको ते शेजारी बसून वाचणार, अशी त्यांची समजूत होती. मी बाईंना बाहेर पाठवलं. नंतर त्या मला बाजूला घेऊन विचारू लागल्या, काय निघालं? मी म्हटलं, मावशी, विचार दिसत नसतात यात. त्या म्हणाल्या, "मशीनला कशाला बोल लावता? त्यांच्या डोक्यात काही असंल तर दिसंल ना."

मग दिसतं काय? डोळे मिटून शांत पडलेल्या माणसाच्या डोक्याच्या मागच्या भागात एक संथ, एकसारखी लाट असते. डोळे उघडले की ती मोडते. डोळे मिटलेलेच ठेवून एखादं गणित घातलं तरी बहुतेकांची मोडते. शंभरातून सात वजा करत जा म्हटलं, की पडद्यावर लगेच कळतं, माणूस कामाला लागला. पण उत्तर बरोबर आलं की चूक, ते कळत नाही. बरोबर उत्तर देणाऱ्याची लाट मोडते तशीच चुकणाऱ्याचीही मोडते. हे मी शेकडो डोक्यांवर बघितलं होतं, पण त्यात नवल करण्यासारखं काही आहे असं जाधव सर येईपर्यंत मला कधी वाटलं नाही.

सरांचं नाव मी बदललंय, त्यांच्या मुलांचीही. सर गणिताचे. रेणापूरच्या शाळेत नोकरी झाली, निवृत्तीनंतर मुलाजवळ लातूरला राहत होते. बायको मागंच वारली होती. श्रावण नुकताच लागला होता तेव्हा त्यांची मुलगी वैशाली त्यांना दुपारी रिक्षातून घेऊन आली. ती नांदेडलाच असते, बँकेत नोकरी करते. सरांच्या एका गालाची दाढी केलेली होती, दुसऱ्या गालावर साबण वाळून पापुद्रे धरले होते. पॅन्टशर्ट इस्त्रीचा आणि तोंड असं, त्यामुळं मला आधी वाटलं की अर्धांगाचा झटका असेल.

मी खुणा करेपर्यंत वैशालीनं सगळं सांगितलं. तिनं स्वतःच्या पसंतीनं लग्न केलं. मुलगा जातीतला नव्हता. सरांनी लग्नाला नाही म्हटलं, लग्नानंतर बोलणं टाकलं. आता आमच्याकडं सासरी गेलेली लेक नागपंचमीला आपली आपण माहेरी जात नाही. तिला न्यायला बाप किंवा भाऊ यावा लागतो, त्याला मुऱ्हाळी म्हणतात. मुऱ्हाळी आला नाही तर लेकीनं समजायचं ते समजायचं. वैशालीकडं लग्न झाल्यापासून एकदाही मुऱ्हाळी आला नव्हता. शेजारच्या बायका पंचमीला निघाल्या की ती मुद्दाम बँकेत जास्तीचं काम मागून घ्यायची.

आणि त्या दिवशी सकाळी दार वाजलं तर दारात सर उभे. अर्धी दाढी तशीच. आत आले नाहीत, पाण्याला हात लावला नाही. एवढंच म्हणाले, "चल, पंचमीला न्यायला आलोय." अर्ध्या दाढीचं तिला हसू आलं आणि रडूही आलं. तिला वाटलं, आठवण आली आणि वस्तरा टाकून अण्णा तसेच बसमध्ये बसले. नवऱ्याला फोनवर कळवून, हाताला लागले ते कपडे भरून ती निघाली.

लातूरच्या बसमध्ये, लोह्याच्या अलीकडं, सरांची नजर एका जागी थिजली. ओठ काही चघळल्यासारखे हलू लागले, एक हात शर्टाच्या बटनाशी चाळा करू लागला. हाक मारली तर ओ नाही. बसमधल्या लोकांनी फिट ओळखली आणि एकानं पायातली चप्पल काढून त्यांच्या नाकाशी धरली, एका बाईनं बाजाराच्या पिशवीतला कांदा फोडला. थोड्या वेळानं सर भानावर आले. त्यांनी आधी चपलेकडं बघितलं, मग मुलीकडं, आणि विचारलं, "तू इथं कशी? कुठं निघालीस?"

हे सांगताना वैशालीचा आवाज अजिबात हलला नाही. कंडक्टरनं बस थांबवली, ती उतरली आणि वडिलांना घेऊन उलट नांदेडला, आमच्याकडं आली.

तारा लावेपर्यंत सर बऱ्यापैकी सावरले होते. त्यांच्या मनाला सगळ्यात जास्त चप्पल लागली होती. गावोगाव शाळांतून त्यांनी व्याख्यानं दिलेली. भूत नसतं, भानामती नसते, फिट हा मेंदूचा आजार आहे, चप्पल हुंगवू नका. "आणि आता माझ्याच नाकाला लागली," ते म्हणाले. "वर मी शुद्धीवर पण आलो. आता तो माणूस जन्मभर सांगत फिरणार, चपलेनं मास्तर उठला." फिट आपोआप थांबते, चप्पल असो वा नसो, हे मला माहीत होतं आणि त्यांनाही.

मशीन बघून मात्र त्यांना लहान मुलासारखा आनंद झाला. मन म्हणून वेगळं काही नसतं, जठर पचवतंय तसा मेंदू विचार करतोय, हे ते आयुष्यभर पोरांना सांगत आले होते. आता स्वतःचाच पुरावा समोर होता. पडदा आपल्याला दिसेल असा फिरवा म्हणाले. डोळे मिटायचे आहेत सर, असं मला दोनदा सांगावं लागलं.

उजव्या कानशिलाच्या वाट्यांखाली टोकदार रेघा येत होत्या. आमच्या कामात एक नियम आहे. तारा लावणाऱ्यानं निकाल सांगायचा नाही, तो डॉक्टरनं सांगायचा. घरची माणसं पडद्याकडं बघत नाहीत, माझ्या तोंडाकडं बघतात, म्हणून तोंड कोरं ठेवायला शिकावं लागतं. इतकी वर्षं ते कोरं ठेवून ठेवून पुढं सुनेलाही माझ्या मनातलं कळेना, ते वेगळं.

डॉक्टरांनी निकाल सांगितला. कानशिलाच्या आत एक जुना वण आहे, तिथून फिट उठते, गोळ्यांनी आटोक्यात येईल. सकाळी काही वेगळं जाणवलं होतं का, असं त्यांनी विचारलं. सर म्हणाले, हो. दाढी करताना पोटातून काहीतरी वर चढलं आणि सगळं एकदम स्वच्छ झालं. एखादी सिद्धता संपताना पोराचा चेहरा उजळतो ना, तसं, पण त्याच्या शंभरपट. आपण चुकलो, वैशालीला आणायला पाहिजे, यात तिळाएवढीही शंका उरली नाही. म्हणून तसेच निघालो. बसमधलं मात्र काही आठवत नाही.

डॉक्टर सरळ माणूस. ते म्हणाले, काही पेशंटना अशी एकदम खात्री वाटते, तो फिटचाच भाग असतो.

संध्याकाळी लातूरहून सरांचा मुलगा महेश आला. वाईट माणूस नव्हे, वडिलांसाठी धावतपळत आला होता. पण बहिणीचं लग्न त्याला वडिलांपेक्षाही जास्त लागलेलं. माझ्याच खोलीत, सर अजून पलंगावर असताना, तो तिला म्हणाला, "वैशू, अण्णांचं डोकं आज ठिकाणावर नव्हतं. डॉक्टरच सांगायलेत. त्यांनी बोलावलं असं तू धरू नको."

वैशालीनं सरांकडं बघितलं. सर पडद्याकडं बघत होते. त्यांनी काय बोलावं? कारण सापडलं की गोष्ट मिटली, हेच तर ते गावोगाव सांगत आले होते. मग ती माझ्याकडं वळली.

"सिस्टर, या रेघांत दिसतं का, अण्णा आले होते का आजार आला होता ते?"

मी म्हटलं, तसं काही यात दिसत नाही. खरं तेच होतं. पण ती आणखी काही ऐकायला थांबली होती आणि माझ्याजवळ दुसरं काही नव्हतं. तिनं कपड्यांची पिशवी उचलली.

"मग मला न्यायला कुणी आलंच न्हाई म्हणायचं," ती म्हणाली. "फिट आली होती." आणि ती गेली.

नंतर महिन्या-दोन महिन्यांनी सर तपासणीला यायचे, तेव्हा नंबर लागेपर्यंत माझ्या खोलीत बसायचे. गोळ्या लागू पडल्या होत्या. फिट थांबल्या आणि ती खात्रीही गेली. सरांना ती गेल्याचं दुःख होतं. एकदा म्हणाले, दोन दिवस गोळ्या चुकवून बघू का, निदान ती परत आली तर कळेल तरी की खरी होती. मी त्यांना झापलं आणि डॉक्टरांच्याही कानावर घातलं. गोळ्या चुकवून माणसं विहिरीत पडलेली, चुलीवर पडलेली मी बघितली आहेत. त्यात माझं काही तत्त्वज्ञान नव्हतं.

त्यांनी वैशालीला फोन केला होता. ती आदरानं बोलली. मुलीला बापाशी बोलावं लागतं तेवढं बोलली. पंचमीचा विषय काढला तर एवढंच म्हणाली, "अण्णा, गोळ्या वेळेवर घ्यायलात ना?" त्यांनी फोन ठेवून दिला. तिचं तरी काय चुकलं, मला कळेना. एकदा मोठ्या आशेनं पिशवी भरलेली बाई दुसऱ्यांदा भरताना खात्री मागणारच.

एके दिवशी त्यांनी मला विचारलं, गणित चुकलं तर लाट वेगळी येते का? मी म्हटलं, आमच्या मशीनवर तरी येत नाही. बरोबरला मोडते तशीच चुकीलाही मोडते. सर म्हणाले, "वैशालीला मी नको म्हणालो, त्या दिवशी माझा ईईजी काढला असता तर काय आला असता?"

तेव्हा त्यांना फिट येत नव्हत्या. मी म्हटलं, "नॉर्मल आला असता, सर."

"म्हणजे मी नको म्हणालो तेव्हा डोकं नॉर्मल होतं आणि हो म्हणालो तेव्हा बिघडलेलं होतं."

"हो."

ते हसले, पण त्यात गंमत नव्हती. मला म्हणाले, मी पोरांना काय सांगायचो माहीत आहे का? उत्तर कुठून आलं ते मला सांगू नका. स्वप्नात आलं असेल, शेजाऱ्याचं बघितलं असेल. समीकरणात परत घाला आणि ताळा बघा. जुळला तर बरोबर. "आणि स्वतःच्या उत्तराचा ताळा मी कधी घेतला न्हाई."

मग त्यांनी तो माझ्यासमोर घेतला. वैशालीला नाही म्हणताना जात हा शब्द त्यांनी कधी उच्चारला नव्हता. व्याख्यानं देणारा माणूस, कसा उच्चारील? त्यांनी कारणं दिली होती. मुलाची नोकरी कच्ची आहे, घर भाड्याचं आहे, आई आजारी असते, सगळं वैशालीवर पडेल. पुढं नोकरी पक्की झाली, घर झालं, आई बरी झाली. एकेक कारण गळून गेलं आणि उत्तर मात्र नकोच राहिलं. "म्हणजे त्या कारणांवर माझं उत्तर उभंच नव्हतं," सर म्हणाले. "उत्तर आधीच होतं. कारणं मी नंतर लावली." उलट फिटमधलं उत्तर त्यांनी सगळीकडून घालून बघितलं होतं. ते कुठंच अडत नव्हतं.

मी त्यांना चिडवायला म्हटलं, मग सर, मन म्हणजे नुसता मेंदू, हे तुमचं खोटं पडलं की. ते म्हणाले, खोटं कशाला पडेल? ताळासुद्धा मेंदूच घेतोय. मी म्हटलं, पण जुळलं की नाही ते ठरतं कुठं? ते मशीनवर मला दाखवा. त्यावर त्यांनी डोकं खाजवलं आणि ते मलाही कळत नाही, असं सरळ सांगून टाकलं. गणिताच्या मास्तरानं मला कळत नाही म्हणणं मी शाळेत कधी ऐकलं नव्हतं, त्यामुळं मला ते फार आवडलं.

मलाही ते कळलेलं नाही. मेंदूशिवाय विचार करणारं एकही डोकं मी बघितलं नाही. वण पडला की माणसं बदलतात, गोळी दिली की परत येतात, हे रोज बघितलं. पण बरोबर आणि चूक ओळखणारी वाटी डोक्यावर कुठं लावायची, ते मला कुणी शिकवलं नाही. डॉक्टरांना एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, पुढचा पेशंट पाठवा.

पुढच्या वर्षी पंचमीच्या तोंडावर सरांचा परत ईईजी काढायचा होता. गोळ्या कमी करता येतील का ते बघायचं होतं. रात्रभर जागून यायला सांगितलं होतं, आणि जागलेल्या पेशंटला आम्ही एकटं सोडत नाही. महेश सोबत येणार होता, पण सर त्याला मागं ठेवून पहाटेच्या बसनं एकटेच आले. मग आमच्या काउंटरवरून नांदेडच्या नातेवाइकाला, म्हणजे वैशालीला, फोन गेला. फोन जाणार हे सरांना ठाऊक असणार, असं मला वाटतं. त्यांनी कबूल केलं नाही.

त्या दिवशी दोन्ही गाल गुळगुळीत होते आणि डोक्याला तेल नव्हतं. झोप लगेच लागली. मी कानशिलाच्या रेघांवर डोळा ठेवून बसले. एकही टोक आलं नाही. तोंड कोरं ठेवलं. वैशाली मध्येच येऊन दाराशी बसली होती, ती माझ्या तोंडाकडं बघत होती. डॉक्टर आले, त्यांनी सगळं चाळलं आणि सांगितलं, स्वच्छ आहे, पूर्ण नॉर्मल. आणि ते दुसऱ्या खोलीत गेले.

सर उठून बसले. मी तारा सोडवत होते, त्यामुळं त्यांना मान वळवता येत नव्हती. त्यांनी समोर भिंतीकडं बघतच बोलायला सुरुवात केली.

"वैशाली, डॉक्टर म्हणाले ते ऐकलंस ना? आज मी शुद्धीत हाय. त्या दिवसासारखं आज काही झालेलं न्हाई. आतून काही उजळलं न्हाई. खरं सांगतो, तुझ्या घरी यायला मला आजही अवघड वाटतंय. पण मी चुकलो होतो, हे मला पटलंय. नुसतं पटलंय, बाकी काही न्हाई. पंचमीला न्यायला आलोय."

वैशालीनं विचारलं, "दादाला मालूम हाय का?"

"सांगितलं. त्याला पटलेलं न्हाई."

"आणि लोह्याला पोचल्यावर परत विचारलं, कुठं निघालीस म्हणून, तर?"

सरांनी आता मान वळवलीच. माझ्या हातातल्या दोन तारा निसटल्या.

"तर तू सांग मला, मी कशाला आलो होतो ते," ते म्हणाले. "तू सांगितलंस की मी ऐकीन."

मी तारा गोळा करायच्या निमित्तानं पाठ फिरवली आणि त्या नको तितक्या वेळा पुसल्या. या खोलीत मी किती डोकी मोजली, पण एखादा माणूस आपल्याच डोक्याची राखण दुसऱ्याच्या हाती देताना कधी बघितला नव्हता. मला तिनं लगेच हो म्हणावं असं वाटत होतं. ती म्हणाली नाही.

"मुऱ्हाळी दारातनं नेत नसतो, अण्णा," ती म्हणाली. "मागच्या खेपेला तुम्ही पाणीसुद्धा पिला न्हाईत. माझ्या घरात यायचं, यांच्या शेजारी पाटावर बसायचं, सासूबाईंनी वाढलेलं जेवायचं, आणि मग त्यांना विचारून मला न्यायचं. जमंल का?"

सरांनी टेबलावरचा चष्मा उचलला आणि डोळ्यांवर नीट बसवला. मुलीकडं बघितलं. पायांनी चपला चाचपल्या, सापडल्या तशा घातल्या आणि उठून उभे राहिले.

"चल," ते म्हणाले. "भूक लागलीय."